दगड देखणे, पाणी नितळ, फोटो खोटा

गनरसाइड गिलमधल्या ओढ्याचं पाणी इतकं नितळ आहे की तळातला एकेक गोटा वेगळा दिसतो. उत्तर यॉर्कशायरमध्ये स्वेलडेल नावाचं खोरं आहे. त्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात शिरलेली ही अरुंद घळ. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे ट्रायपॉड उभे राहतात. पडक्या कमानी, बोगद्यांची तोंडं, जांभळ्या फुलांनी भरलेलं माळरान आणि खाली हे पाणी. फोटो देखणे येतात. ते स्पर्धांना जातात, कॅलेंडरवर छापले जातात, फ्रेम होऊन हॉटेलांच्या भिंतींवर लागतात. त्यांतले बहुतेक सगळे खोटे असतात. हा शब्द मी रागाच्या भरात लिहिलेला नाही.

ही घळ म्हणजे शिशाची खाण होती. एक नव्हे, खाणींची रांगच. आजूबाजूचं स्वेलडेल, त्याला लागून असलेलं आर्केनगार्थडेल, पलीकडचं ग्रासिंग्टनचं माळ, उत्तरेला वेअरडेल, ऑलनडेल, नेंटहेड असा पेनाइन डोंगरांचा सगळा पट्टा शतकानुशतकं शिशासाठी पोखरला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक खाणी बंद पडल्या. माणसं गेली, धातू मात्र गेला नाही. बोगद्यांतून झिरपणाऱ्या पाण्यातून आणि ढिगाऱ्यांवरून वाहणाऱ्या पावसातून जस्त, कॅडमियम आणि शिसं आजही ओढ्यात उतरतं, ओढ्यातून नदीत जातं. कोळशाच्या खाणीतून बाहेर पडणारं पाणी लोहामुळे तांबूस-भगवं होतं; ते पाहिलं की शाळकरी पोरालाही कळतं की इथे काहीतरी बिघडलंय. विरघळलेल्या जस्ताला आणि कॅडमियमला रंग नसतो. पाणी काचेसारखं दिसतं, आणि त्यात जे किडे-मासे असायला हवेत ते नसतात किंवा फार थोडे असतात.

म्हणजे इथे कॅमेरा आंधळा आहे. ही त्याच्या तंत्राची मर्यादा आहे, त्याबद्दल कुणाला दोष देता येणार नाही. दोष फोटोग्राफरचा. आपल्या यंत्राला जे दिसत नाही ते शब्दांत सांगणं त्याचं काम होतं. तो सांगत नाही. उलट शटर अर्धा मिनिट उघडं ठेवून पाण्याला रेशमी झाक आणतो आणि खाली लिहितो, ‘निसर्गाने परत मिळवलेली भूमी’.

मी इंग्लंडच्या उत्तरेत राहते, या खाणींचे फोटो बरीच वर्षं काढते आहे, आणि हे चित्र जवळून पाहिलेलं आहे. एका कॅमेरा क्लबच्या स्पर्धेत माझ्या फोटोत खाणीच्या उभ्या विहिरीभोवतीचं तारेचं कुंपण आणि त्यावरची धोक्याची पाटी होती. परीक्षकांनी सगळ्यांसमोर सल्ला दिला की कुंपण आणि पाटी संगणकावर पुसून टाका, नजर अडते. मथळ्यात मी खाणीचं नाव आणि धातूचं नाव लिहिलं होतं, तेही त्यांना नको होतं. ‘एकांत’ असं काहीतरी लिहा म्हणाले. खोल विहिरीवरची धोक्याची पाटी पुसायची, जागेचं नाव पुसायचं आणि उरलेल्याला एकांत म्हणायचं. या एका सल्ल्यात या फोटोग्राफीचा सगळा विचार आला.

ओल्ड गँगचं उदाहरण घ्या. स्वेलडेलमध्येच, सरेंडर ब्रिजपासून वर चालत गेलं की शिसं वितळवायची ही जुनी भट्टी लागते. भट्टीच्या वरच्या चढावर दगडी खांबांची एक रांग उभी आहे, जवळपास १२० मीटर लांब. छप्पर नाही, मधल्या भिंती नाहीत. नुसते खांब आणि टोकांच्या त्रिकोणी भिंती. धुक्यात, संधिप्रकाशात, मागे तारे फिरवून या खांबांचे जे फोटो निघतात त्यांवर ‘प्राचीन’, ‘गूढ’, ‘मंदिरासारखं’ असे शब्द असतात. गूढ काहीही नाही. ती जळणाची वखार आहे. दलदलीच्या माळावर कुजून थरांनी साठलेलं पीट उन्हाळ्यात फावड्याने कापायचं, ढेकळं वाळवायची, वाहून आणायची आणि वर्षभर भट्टी पेटती राहील इतकी इथे साठवायची. बाजू उघड्या ठेवल्या त्या वारा खेळावा आणि पीट कोरडं राहावं म्हणून. छप्पर याच माळावरच्या हेदरच्या, म्हणजे त्या जांभळ्या फुलांच्या झुडपांनी शाकारलेलं होतं, म्हणून ते टिकलं नाही. एवढी अक्कल, एवढी काटकसर आणि एवढे कष्ट त्या खांबांमध्ये आहेत. हे सगळं काढून घेऊन तिथे गूढ भरणं म्हणजे ज्यांनी ते बांधलं त्यांची मेहनत चोरणं आहे.

गनरसाइडच्या उतारांवर ज्या प्रचंड खाचा दिसतात, त्यांचंही असंच. डोंगर वरपासून खालपर्यंत उभा फाडल्यासारखा दिसतो आणि प्रेक्षक त्याला पाण्या-पावसाची किमया समजतो. त्या खाचा माणसांनी पाडल्या आहेत. या कामाला तिथे हशिंग म्हणतात. उताराच्या माथ्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवायचं आणि बांध एकदम फोडायचा. लोंढा माती, झाडोरा, सैल दगड ओरबाडून खाली नेतो आणि खालच्या खडकातली शिशाची शीर उघडी पडते. पुन्हा बांध, पुन्हा लोंढा. फ्रायरफोल्ड, बंटन, गॉर्टन ही त्या खाचांची नावं नकाशावर आहेत. ज्याला तिथे फोटो काढायचा आहे त्याला ती वाचायला पाच मिनिटं पुरतात.

आणि ते जांभळं माळरान, ज्याच्यासाठी ऑगस्टमध्ये गाड्यांची रांग लागते? तेही आपोआप उगवलेलं रान नाही. यातली मोठी माळरानं ग्राउस पक्ष्याच्या शिकारीसाठी राखलेली आहेत. पक्ष्यांना कोवळे कोंब मिळावेत म्हणून हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळलं जातं आणि पुन्हा वाढवलं जातं. चौकटीतला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणजे वर शिकारीची राखीव जमीन, मध्ये फाडलेला डोंगर आणि तळाशी विषारी पाणी.

माणसांचं काय, हा प्रश्न तर या फोटोंमध्ये विचारलाच जात नाही. पडीक वास्तूला माणूस नको असतो, कारण माणूस आला की हिशेब येतो.

हिशेब असा होता. खाणीत खणणाऱ्याला बहुधा रोजचा पगार नव्हता. चार-सहा जणांची टोळी खाणीच्या एजंटाशी ठरावीक मुदतीसाठी सौदा करायची. खाणीच्या अमुक भागात खणायचं आणि धुऊन स्वच्छ झालेल्या खनिजाच्या दर बिंगमागे इतके पैसे. एक बिंग म्हणजे आठ हंड्रेडवेट, सुमारे ४०० किलो. मेणबत्त्या आणि सुरुंगाची दारू टोळीच्या खात्यावर. पूर्ण हिशेब बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच; तोवर संसार चालवायला कंपनी उचल द्यायची. शीर जाड लागली तर दोन पैसे हाती, शीर आटली तर उचल फिटायची नाही आणि पुढचं वर्ष कर्जातच सुरू. ऊसतोडीच्या टोळीची उचल ज्याने पाहिली आहे त्याला या पेनाइनच्या खाणकामगाराची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. खणलेला माल जिथे टोळीटोळीने वेगळा ठेवायचे ते दगडी कप्पे, ज्यांना तिथे बूझ टीम म्हणतात, गनरसाइडमध्ये आजही ओळीने उभे आहेत. त्यांच्या कमानदार आकाराचे फोटो मी असंख्य पाहिले. एकाखालीही असं लिहिलेलं आठवत नाही की हे कप्पे म्हणजे हिशेबाची वही होती, एका टोळीचा माल दुसरीच्या खात्यावर जाऊ नये म्हणून बांधलेली.

वेअरडेलच्या वरच्या टोकाला किलहोप आहे. तिथलं पाणचक्र अजून उभं आहे, व्यास साधारण दहा मीटर, आणि तेच सगळे टिपतात. चाकाच्या पुढ्यातल्या धुलाईच्या जागेवर मुलं काम करत. दहा-बारा वर्षांची, आधीच्या काळात त्याहून लहान. उघड्यावर, डोंगरातल्या बर्फगार पाण्यात हात घालून दगड आणि खनिज वेगळं करायचं, रुंद हातोडीने फोडायचं, पुन्हा धुवायचं. हिवाळ्यात पाणी गोठलं की काम बंद, कमाई बंद. लांबून येणारे खाणकामगार सोमवारी आठवड्याचं खाणं पोतडीत भरून यायचे आणि खाणीजवळच्या निवाऱ्यात राहायचे. एका खोलीत दाटीवाटीने पलंग, एका पलंगावर दोघं-तिघं, ओले कपडे तिथेच वाळत, दगडाच्या धुळीने खोकणारी छाती तिथेच रात्रभर खोकत. १८४२ साली बालमजुरीची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाने असल्या निवाऱ्यांची वर्णनं नोंदवून ठेवली. १८६४ साली लॉर्ड किनेर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने कोळशाखेरीज इतर खाणींची अवस्था मांडली. कोंदट हवा, खोल शिड्यांची चढउतर, ऐन चाळिशी-पन्नाशीत फुफ्फुसं निकामी होऊन मरणारी माणसं. कायदा व्हायला १८७२ उजाडलं, तोवर खाणींचा पडता काळ दारात आला होता.

ऑलनडेलच्या वर ड्रायबर्न मूर नावाच्या उजाड माळावर शिशाच्या भट्टीच्या दोन चिमण्या एकट्या उभ्या आहेत. सूर्य त्यांच्या मागे गेला की त्यांच्या काळ्या आकृत्या टिपायला लोक तासभर थंडीत थांबतात. भट्टी खाली दरीत होती. तिथपासून या चिमण्यांपर्यंत जमिनीलगत बांधलेले दगडी धुरमार्ग चढत येतात, लांबी चार किलोमीटरच्या आसपास. विषारी धूर वस्तीपासून दूर नेणं हा एक हेतू होता. दुसरा हेतू पैशाचा. धुरातून उडून जाणारं शिसं लांबच्या थंड मार्गात भिंतींवर बसायचं. ते खरवडून काढलं की पुन्हा वितळवून विकता येत होतं. खरवडायला माणसं आत पाठवली जात. शिशाची बारीक पूड, बंद बोगदा आणि आत वाकून घुसलेला माणूस. ज्याला हे ठाऊक आहे त्याला त्या चिमण्यांचा नुसता सूर्यास्त करवणार नाही. ज्याला ठाऊक नाही त्याने तिथे जाण्याआधी थोडं वाचावं. आर्थर रेस्ट्रिक या अभ्यासकाने स्वेलडेल आणि वेन्सलीडेलच्या शिसे-उद्योगावर लिहिलेलं पुस्तक १९७५ पासून उपलब्ध आहे. हा माणूस पहिल्या महायुद्धात शस्त्र उचलायला नकार देऊन तुरुंगात गेला होता आणि पुढे आयुष्यभर ही खोरी पायी फिरला. माहिती मिळत नाही अशी सबब कुणी सांगू नये.

फोटोग्राफीचा आणि या खाणींचा संबंध वरवरचा नाही. ह्यू ली पॅटिन्सन हा याच भागातला, ऑल्स्टनचा, जन्म १७९६ चा. शिशात थोडी चांदी असते. वितळलेलं शिसं हळूहळू थंड केलं की आधी शिशाचे स्फटिक घट्ट होतात आणि चांदी उरलेल्या द्रवात एकवटत जाते, हे त्याने हेरलं आणि १८३३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तोवर ज्या शिशातून चांदी काढणं परवडत नव्हतं, त्यातूनही ती निघू लागली. डागेर या फ्रेंच माणसाची छायाचित्रणाची पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटवायची पद्धत. दुसऱ्याच वर्षी पॅटिन्सन खनिजाच्या कामासाठी अमेरिकेत गेला आणि नायगाराचे फोटो काढून आला. नायगाराचे आज माहीत असलेले सर्वांत जुने फोटो ते हेच, न्यूकॅसलच्या विद्यापीठाने जपलेले. भट्टी आतून-बाहेरून जाणणारा माणूस, हातात चांदीचा पत्रा, आणि त्याचं नाव फोटोग्राफीच्या इतिहासात राहिलं ते धबधब्यामुळे. कॅमेरा हाती आला की निसर्गसौंदर्याकडे वळायचं, ही ओढ इतकी जुनी आहे. जुनी असल्यामुळे ती क्षम्य ठरत नाही.

खाणी बंद कशा पडल्या, यावरही या फोटोंनी एक धूसर पडदा टाकला आहे. ‘काळाने गिळलं’ असं लिहितात. काळाने काही गिळलं नाही. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्पेन आणि इतर देशांतलं स्वस्त शिसं बाजारात आलं, भाव कोसळले, कंपन्यांनी हात वर केले. स्वेलडेलची वस्ती थोड्याच वर्षांत ओसरली. कुटुंबं लँकेशरच्या सूतगिरण्यांत गेली, डरहॅमच्या कोळशाच्या खाणीत गेली. त्याच्याही आधीपासून काही अमेरिकेत गेली होती, आयोवातल्या डब्यूककडे, तिथेही शिसंच खणायला. रिकामी घरं, मोडके गोठे, ओस प्रार्थनाघरं ही बाजारभावाची आणि स्थलांतराची पावती आहे. त्याला उदासरम्य म्हणणाऱ्याने एकदा आपलं स्वतःचं गाव तसं ओस पडलेलं डोळ्यांसमोर आणावं.

मला कुणी म्हणतात की हा सगळा इतिहास झाला, जुनी दुःखं कशाला उकरायची, आज तिथे शांतता आहे ना. आजचंच बोलू या. इंग्लंडमध्ये बंद पडलेल्या धातूच्या खाणींमुळे सुमारे १,५०० किलोमीटर लांबीच्या नद्या दूषित आहेत असं सरकारच मानतं. २०२१ च्या पर्यावरण कायद्याखाली ठरवलेलं उद्दिष्ट असं की २०३८ अखेरपर्यंत ही लांबी निम्मी करायची. निम्मी म्हणजे उरलेल्या निम्म्याचं विष पुढेही वाहणार. आणि यासाठी खाणमालकांना जबाबदार धरता येत नाही. १९९९ संपण्यापूर्वी सोडून दिलेल्या खाणीतून झिरपणाऱ्या पाण्याबद्दल मालकावर जबाबदारी टाकण्यातून कायद्यानेच सूट दिलेली आहे. नफा ज्यांनी नेला ते सुटले, खर्च करदात्यांवर आला. नितळ पाण्याचा फोटो छापणारा प्रत्येक संपादक नकळत या सुटकेला हातभार लावतो, कारण जे पाणी इतकं सुंदर दिसतं त्यावर पैसा खर्च करा असं कोण म्हणेल?

पूर आला की गोष्ट खोऱ्यापुरती राहत नाही. २००० सालच्या शरद ऋतूत स्वेल नदीला पूर आले, तेव्हा खाणींपासून कितीतरी खाली असलेल्या शेतांवर शिसेमिश्रित गाळ पसरल्याचं अभ्यासकांनी मोजून दाखवलं. जून २०१२ मध्ये पश्चिम वेल्समध्ये हेच झालं. तिथेही शिशाच्या जुन्या खाणींचा पट्टा आहे. पुराने गाळ कुरणांवर आणला, त्या कुरणातलं गवत कापून मुरघास केला गेला आणि तो खाऊन गुरांना शिशाची बाधा झाली. शंभर वर्षांपूर्वी बंद झालेल्या खाणीने आजची गुरं आजारी पाडली. ३० जुलै २०१९ ला आर्केनगार्थडेल आणि स्वेलडेलमधल्या ग्रिंटनवर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला आणि ग्रिंटनच्या माळावरचा रस्त्याचा पूलच वाहून गेला. तो पूल कोसळल्याचे फोटो जगभर दिसले. असाच लोंढा खाणमातीच्या ढिगाऱ्यांचे पायथे कापून शिसं नदीत लोटतो, पण त्या कापलेल्या ढिगाऱ्याचे फोटो काढायला कुणी धावत गेलेलं मी पाहिलं नाही. ढिगारा राखाडी असतो, बोडका असतो, दिसायला कंटाळवाणा असतो. तोच महत्त्वाचा आहे.

गोव्यात खाणमातीच्या ज्या ढिगाऱ्यांना डंप म्हणतात, तसेच हे ढिगारे, आणि इथे एक खरी अडचण आहे, ती लपवून मला चालणार नाही. हे ढीग सरसकट उचलून नेता येत नाहीत. त्यांतले अनेक संरक्षित स्मारकांचा भाग आहेत, कारण खाणकामाचा सगळा पुरावा त्यांच्यात आहे. शिवाय त्या विषारी मातीत काही दुर्मीळ वनस्पती तगून राहिल्या आहेत. स्प्रिंग सँडवर्ट नावाची बारीक पांढऱ्या फुलांची एक चिवट वनस्पती इतर गवताला सोसत नाही अशा शिसेरी जमिनीवर गादी धरते. स्थानिक लोक तिला लेडवर्टच म्हणतात. ढीग हलवला तर इतिहास आणि ही फुलं जातात, ठेवला तर नदी मरते. पुरातत्त्व खातं, पर्यावरण खातं, शेतकरी, जमीनमालक सगळे या पेचात आहेत आणि प्रत्येक ढिगाऱ्यासाठी वेगळा निर्णय करावा लागतो. असे निर्णय लोकांच्या पैशाने आणि संमतीने व्हायचे असतील तर लोकांना ढिगारा दिसायला हवा. आणि दाखवण्याचं साधन ज्यांच्या गळ्यात आहे ते त्या फुलांच्या गाद्या तुडवत, उंचावरचा कोन मिळवायला त्याच ढिगाऱ्यावर चढलेले असतात.

उपाय दिसतो अशी एक जागा आहे. लेक डिस्ट्रिक्टमधल्या कोलडेल खोऱ्याच्या टोकाला फोर्स क्रॅग ही खाण, त्या भागातली शेवटची चालू धातूखाण, १९९१ पर्यंत चालली. तिथे २०१४ पासून खाणीचं पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था आहे. कंपोस्ट, लाकडाचा भुसा-चिपा आणि चुनखडी यांचे थर घातलेले दोन तलाव. पाणी त्यांतून खाली मुरतं, थरांतल्या जिवाणूंमुळे धातू अडकून राहतात आणि बरंच स्वच्छ पाणी ओढ्याला मिळतं. यंत्रांचा खडखडाट नाही, रसायनांची पिंपं नाहीत. एवढ्या एकाकी खोऱ्यात माणसाने केलेली चूक माणूस निगुतीने निस्तरतो आहे, आणि फोटोग्राफर काय करतात? खाणीची जुनी इमारत आणि मागचा कडा घेतात आणि तलाव चौकटीबाहेर ठेवतात, कारण त्यांचे सरळ कडे ‘कृत्रिम’ दिसतात. त्या खोऱ्यात माझ्या मते सर्वांत सुंदर गोष्ट ते दोन तलाव आहेत. मी त्यांचेच फोटो काढते, दुपारच्या सपाट उजेडात, पाइप आणि झडपांसकट.

कलेला माहितीचं जोखड कशाला, हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन जोडप्याने कित्येक दशकं कोळशाचे खाणमनोरे, झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या यांचे फोटो काढले. ढगाळ दिवस निवडायचे, म्हणजे सावल्यांचं नाटक नको. समोरून, सरळ, एकेक खिळा दिसेल असा मोठ्या प्लेटचा कॅमेरा. आणि खाली वस्तूचं नाव, गाव, देश, साल. त्यांचं काम जगातल्या मोठमोठ्या कला-संग्रहालयांत आहे. गावाचं नाव आणि साल लिहिल्याने त्यांची कला कमी झाली नाही. ती उभीच त्या नेमकेपणावर आहे. ज्यांना मथळ्यात तीन शब्द खरे लिहायचा कंटाळा येतो त्यांनी कलेच्या स्वातंत्र्याची ढाल पुढे करू नये.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी आणि मासिकांच्या चित्र-संपादकांनी एक नियम करावा. खाणीचा फोटो असेल तर खाणीचं नाव, खोऱ्याचं नाव, धातू आणि बंद पडल्याचा काळ लिहिल्याशिवाय तो घ्यायचा नाही. कुंपण किंवा धोक्याची पाटी पुसलेला फोटो बाद करायचा. त्या पाट्या कुणी पडून मरू नये म्हणून असतात. ओढ्याचा फोटो असेल तर पाण्याची अवस्था एका ओळीत लिहायची. नद्यांच्या पाण्याची तपासणी होते, तिचे निकाल सरकार जाहीर करतं आणि ते कुणालाही पाहता येतात. माझ्या फोटोंसोबत हा मजकूर छापणार नसाल तर फोटो मिळणार नाही, असं मी आता सरळ सांगते. काही ठिकाणी मला परत बोलावत नाहीत. चालेल.

आपल्या लोकांनाही सांगायचं आहे. लीड्स, मँचेस्टर, न्यूकॅसलकडची मराठी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी या खोऱ्यांत येतात, मला तिथे मराठी ऐकू येतं आणि बरं वाटतं. हा इतिहास आपल्याला अगदी परका नाही. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पूर्वेकडे जो माल आणायची त्यात लोकरी कापडाबरोबर शिसंही असायचं, आणि बंदुकीची गोळी शिशाचीच असायची. तेव्हा या दऱ्यांकडे फक्त पार्श्वभूमी म्हणून पाहू नका. पण त्याआधी एक निकडीचं. ढिगाऱ्यांवर मुलांना खेळायला सोडू नका. तिथे चकाकणारे, हाताला जड लागणारे करडे खडे सापडतात, ते गॅलिना म्हणजे शिशाचं खनिज. संरक्षित जागेवरून ते उचलायची परवानगी नाही आणि घरी शोकेसमध्ये ठेवायची ती वस्तूही नाही. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीच मात्रा निर्धोक नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बोगद्याच्या तोंडाशी फोटोसाठी आत पाऊल टाकू नका, हेदरखाली झाकलेल्या विहिरी असतात, पायवाट सोडू नका. ओढ्याचं पाणी पिऊ नका, कितीही नितळ दिसलं तरी. डबा उघडण्याआधी सगळ्यांचे हात घरून आणलेल्या पाण्याने आणि साबणाने धुवा, आणि चिखलाचे बूट गाडीत बसण्यापूर्वी काढून पिशवीत बांधा.